जुन्या डेटाबेसवर वेब फ्रेमवर्क बसवताना प्रायमरी कीचं काय करायचं

ऑर्डरच्या ओळींचं एक जुनं टेबल घ्या: ऑर्डर_लाइन्स. त्यात ऑर्डर_नं आणि लाइन_नं हे दोन कॉलम मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ नेमकी ओळखणारी खूण, होते. ऑर्डर १०४२ मध्ये सात ओळी आहेत. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ५.२ च्या आधीच्या आवृत्तीत या टेबलावर इन्स्पेक्टडीबी ही कमांड चालवली तर मॉडेल (टेबलाचं कोडमधलं वर्णन) मिळतं, पण त्यात प्रायमरी की म्हणून एकटा ऑर्डर_नं लागलेला असतो. शेजारी कॉमेंट असते: कम्पोझिट (एकाहून जास्त कॉलमांची) प्रायमरी की सापडली, ती चालत नाही, पहिला कॉलम घेतला आहे. ती नजरेआड झाली आणि कुणी स्क्रीनवरून तिसरी ओळ काढून टाकली, तर डेटाबेसकडे हे जातं:

डिलीट फ्रॉम ऑर्डर_लाइन्स व्हेअर ऑर्डर_नं इन (१०४२)

सातही ओळी जातात. एरर नाही, वॉर्निंग नाही. ओळ बदलून साधं सेव्ह केलं तर निदान आरडाओरडा होतो, कारण जँगो लाइन_नं सकट सगळे कॉलम सातही ओळींवर लिहायला जातो आणि डेटाबेसची खरी प्रायमरी की आडवी येते. पण सेव्ह करताना अपडेट_फील्ड्समध्ये फक्त क्वांटिटी दिली असेल, तर सातही ओळींची क्वांटिटी गुपचूप एकच होते.

फ्रेमवर्कच्या लेखी प्रायमरी की म्हणजे व्हेअरमध्ये घालायची गोष्ट. मॉडेलमध्ये तुम्ही जे लिहाल त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतं, डेटाबेसमध्ये डोकावून खात्री करत नाही. म्हणून जुन्या डेटाबेसच्या प्रत्येक टेबलासाठी विचारायचा प्रश्न एकच: मी सांगितलेल्या कॉलमांवर व्हेअर लावलं तर नेमकी एक ओळ हाती लागते का, आणि उद्याही लागेल का? बाकी सगळी सेटिंग्ज या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतात.

आधी मोजदाद

मॉडेल लिहायला बसण्याआधी टेबलांची यादी करा. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्फर्मेशन_स्कीमामधली टेबल_कन्स्ट्रेंट्स आणि की_कॉलम_यूसेज ही दोन टेबलं जोडली की प्रत्येक टेबलाची प्रायमरी की आणि तिच्या कॉलमांचा क्रम कळतो. ओरॅकलमध्ये हेच ऑल_कन्स्ट्रेंट्स आणि ऑल_कॉन्स_कॉलम्स यांतून मिळतं, कन्स्ट्रेंटचा प्रकार 'पी' बघायचा. युनिक इन्डेक्सही याच यादीत घ्या. जुन्या डेटाबेसमध्ये बऱ्याचदा प्रायमरी की जाहीर केलेली नसते, पण युनिक इन्डेक्स टाकलेला असतो.

जिथे दोन्ही नाही तिथे डेटालाच विचारावं लागतं. ज्या कॉलमांवर संशय आहे त्यांच्यावर ग्रुप बाय लावा आणि हॅविंगमध्ये काउंट एकपेक्षा जास्त अशी अट घाला. एकही ओळ येता कामा नये. सोबत तीन तपासण्या त्याच बैठकीत उरका. त्या कॉलमांत नल (रिकामी मूल्यं) किती आहेत ते मोजा. मजकुराचा कॉलम असेल तर मागे चिकटलेल्या स्पेस किती ओळींत आहेत ते पाहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी लेन वापरू नका, ते मागच्या स्पेस मोजतच नाही, डेटालेंग्थ वापरा. आणि सगळी मूल्यं स्मॉल अक्षरांत आणून पुन्हा एकदा ग्रुप बाय करा, म्हणजे 'एबी१' कॅपिटलमध्ये एकदा आणि स्मॉलमध्ये एकदा असा प्रकार आहे का ते कळेल.

आजच्या डेटात डुप्लिकेट नाही म्हणजे कधीच होणार नाही, असं नाही. दरवर्षी एकपासून सुरू होणारे बिल नंबर हे याचं नेहमीचं उदाहरण. जुन्या ओळी दुसरीकडे हलवल्या असतील तर टेबलात एकाच वर्षाचा डेटा दिसतो आणि बिल_नं एकटाच पुरेसा वाटतो. म्हणून जो जुना प्रोग्राम त्या टेबलात इन्सर्ट करतो त्याचा कोड वाचा, तो नंबर कुठून आणतो ते शोधा. या कामाला वेळ लागतो, पण इथे वाचवलेला वेळ नंतर डेटा दुरुस्त करण्यात कितीतरी पटीने जातो.

एकच कॉलम, पण नाव वेगळं

हा सोपा प्रकार. बहुतेक फ्रेमवर्क आयडी नावाचा कॉलम गृहीत धरतात, तुमच्याकडे कस्ट_नं आहे. जँगोत त्या फील्डवर प्रायमरी_की ट्रू करा आणि मेटामध्ये डीबी_टेबल व मॅनेज्ड फॉल्स ठेवा. रुबीच्या रेल्समध्ये सेल्फ.टेबल_नेम आणि सेल्फ.प्रायमरी_की, पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये टेबल आणि प्रायमरीकी या प्रॉपर्टीज, डॉटनेटच्या ईएफ कोअरमध्ये हॅजकी. जँगोत हे विसरलं तर पहिल्याच क्वेरीला 'आयडी कॉलम सापडत नाही' अशी एरर येते. त्यातल्या त्यात बरी एरर, कारण लगेच दिसते.

एक बारीक गोष्ट जँगोत अडकवते. कॉलम आपोआप वाढणारा आहे हे इन्स्पेक्टडीबीला ओळखता आलं नाही, तर ते ऑटोफील्डऐवजी इन्टिजरफील्ड लिहितं. मग नवीन ओळ टाकताना प्रायमरी कीच्या जागी नल पाठवला जातो. ट्रिगर (ओळ टाकताना आपोआप चालणारा डेटाबेसमधला कोड) असेल तर तो नंबर भरतो आणि ओळ जाते, पण तुमच्या हातातल्या ऑब्जेक्टची पीके (प्रायमरी की) नन, म्हणजे रिकामी, राहते आणि पुढचं कोडिंग कोसळतं. नंबर खरंच डेटाबेस देत असेल तर तिथे हाताने ऑटोफील्ड किंवा बिगऑटोफील्ड करा.

नंबर नेमका देतं कोण

नवीन ओळी टाकायच्या असतील तर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण जुना प्रोग्राम आणि नवीन वेबसाइट एकाच टेबलात लिहीत असतात.

डेटाबेसचा स्वतःचा आयडेंटिटी किंवा ऑटो_इन्क्रिमेंट असेल तर फ्रेमवर्कला काही सांगावं लागत नाही. सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारी डेटाबेसमधली वेगळी सोय) असेल तर त्याचं नाव आणि त्याची उडी, दोन्ही जुळायला हवीत. जावाच्या हायबरनेटमध्ये सीक्वेन्सजनरेटरची अॅलोकेशनसाइझ न सांगता ५० असते. जुना सीक्वेन्स एकेकाने वाढत असेल तर (नव्या आवृत्तीने सुरू होतानाच एरर दिली नाही तर) हायबरनेट मिळालेल्या नंबरला पन्नासच्या गठ्ठ्याचं टोक समजतं आणि खालचे नंबर वाटू लागतं, जे आधीच वापरून झालेले असतात. अॅलोकेशनसाइझ १ करा. सीक्वेन्सच ५० ने वाढवणं हाही उपाय आहे, पण मग जुन्या प्रोग्रामच्या नंबरांत भोकं पडतील, ती चालतात का हे आधी विचारून घ्या.

ओरॅकलमध्ये आयडेंटिटी कॉलम १२सी पासून आले. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये सीक्वेन्स आणि बीफोर इन्सर्ट ट्रिगर अशी जोडी असते. ट्रिगरचा कोड उघडून बघा. 'नंबर नल असेल तरच सीक्वेन्समधून घे' असं लिहिलं असेल तर ठीक. अट नसेल तर फ्रेमवर्कने सीक्वेन्समधून ५०१ घेतला, ट्रिगरने तो पुसून ५०२ घातला, आणि तुमचा कोड ५०१ ला दुसऱ्या टेबलातल्या अवलंबून असलेल्या ओळी जोडायला गेला, असं होतं. एक तर ट्रिगरमध्ये अट घाला, नाही तर फ्रेमवर्कला सीक्वेन्स देऊच नका आणि इन्सर्टच्या रिटर्निंग क्लॉजने नंबर परत घ्या.

एसक्यूएल सर्व्हरवर ट्रिगरचा त्रास वेगळा. हाताने लिहिलेल्या क्वेरीत @@आयडेंटिटी वापरलं असेल आणि टेबलावर ऑडिटचा ट्रिगर असेल, तर परत येतो तो ऑडिट टेबलातला नंबर. त्या जागी स्कोप_आयडेंटिटी वापरा. ईएफ कोअर ७ पासून सेव्ह करताना आउटपुट क्लॉज वापरला जातो आणि ट्रिगर असलेल्या टेबलावर एसक्यूएल सर्व्हर तो नाकारतो; मॉडेलमध्ये हॅजट्रिगर लिहिलं की ईएफ जुन्या पद्धतीवर जातं.

काही डेटाबेसमध्ये 'पुढचा नंबर' ठेवणारं वेगळंच टेबल असतं. जुना प्रोग्राम तिथली ओळ लॉक करतो, नंबर घेतो, एकाने वाढवतो. तुम्हीही अगदी तेच करायचं, त्याच टेबलातून, सिलेक्ट फॉर अपडेट लावून, इन्सर्टच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. मॅक्स अधिक एक हा शॉर्टकट घेऊ नका. दोन जण एकाच क्षणी आले तर दोघांना एकच नंबर मिळतो, आणि जुन्या प्रोग्रामच्या काउंटरला तुमच्या नंबराचा पत्ताच नसतो.

डेटा आयात केल्यानंतर पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्स मागे राहतो आणि इन्सर्टला 'डुप्लिकेट की' एरर येते. सेटव्हॅलने तो सगळ्यात मोठ्या नंबरावर आणा. जँगोत त्यासाठी एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट ही कमांड आहे, ती क्वेरी छापून देते, चालवायची आपण.

मजकुराची प्रायमरी की

आयटम कोड, शाखा कोड, '००१२३' सारखे खातेक्रमांक. लाराव्हेलमध्ये इन्क्रिमेंटिंग फॉल्स आणि कीटाइप स्ट्रिंग, या दोन्ही ओळी लिहा. दोन्ही राहिल्या तर इलोक्वंट (लाराव्हेलचा मॉडेल सांभाळणारा भाग) की आपणहून पूर्णांकात बदलतं: '००१२३' चा १२३ होतो आणि अक्षराने सुरू होणाऱ्या कोडचा शून्य. यादी नीट दिसते, एडिटवर क्लिक केलं की ४०४. असं दिसलं तर सगळ्यात आधी इथेच बघा.

कॉलम ठरावीक लांबीच्या कॅर प्रकारचा असेल तर मागच्या स्पेस छळतात. ओरॅकलमध्ये कॅर १० च्या कॉलमाशी व्हारकॅर२ बाइंड व्हेरिएबलची (क्वेरीसोबत वेगळं पाठवलेल्या मूल्याची) तुलना केली तर 'ए१' आणि स्पेस भरलेला 'ए१' जुळत नाहीत. फाइंड रिकामं येतं, आणि तीच क्वेरी हाताने चालवली तर ओळ दिसते, कारण तिथे मूल्य थेट लिहिलेलं असतं. उपाय म्हणजे पाठवताना लांबीपर्यंत स्पेस भरून पाठवा किंवा बाइंडचा प्रकार कॅर सांगा. कॉलमावर ट्रिम लावलं तर साधा इन्डेक्स वापरला जाणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलट: तिथे तुलना जुळते, पण अॅप्लिकेशनच्या मेमरीत दोन्ही वेगळ्या स्ट्रिंग असतात. त्यामुळे जॉइन बरोबर येऊनही ऑर्डर तिच्या ग्राहकाशी जोडली जात नाही. कॅपिटल-स्मॉलचंही तसंच. वाचताना एकाच ठिकाणी, मॉडेलच्या पातळीवर, मूल्य एका रूपात आणून टाका.

की आपण देतो तेव्हा 'नवीन' आणि 'जुनं' यांतला फरक फ्रेमवर्कला कळत नाही. जँगोचं सेव्ह पीके भरलेली दिसली की साधारणपणे आधी अपडेट करून बघतं, ओळ नसली तर इन्सर्ट. म्हणजे नवीन आयटमच्या फॉर्ममध्ये कुणी आधीचाच कोड टाकला तर जुना आयटम पुसला जातो. नवीन ओळीसाठी फोर्स_इन्सर्ट ट्रू द्या, किंवा क्रिएट वापरा, ते आतून हेच करतं. जावाच्या स्प्रिंग डेटामध्येही सेव्ह असंच मर्जवर जातं, आधी एक सिलेक्टही करतं. पर्सिस्टेबल इन्टरफेस लावून इजन्यू स्वतः सांगा. आणि जँगोत कोड बदलून सेव्ह केलं तर नाव बदलत नाही, दुसरी ओळ तयार होते. बदल करायचाच तर फिल्टर लावून अपडेट करा.

यूआरएलचा विचार आत्ताच करा. कोडमध्ये स्लॅश असेल तर जँगोचा स्ट्रिंग कन्व्हर्टर तिथेच थांबतो, पाथ कन्व्हर्टर लागतो. रेल्सच्या रूटमध्ये टिंब अडतं, कारण त्यापुढचा भाग फॉरमॅट समजला जातो. आणि आकडी कीसुद्धा बिगइन्टची असेल तर जेसनमधून स्ट्रिंग म्हणून पाठवा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक बिनचूक राहतीलच असं नाही. शेवटचा आकडा बदलतो आणि भलतीच ओळ उघडते.

कम्पोझिट की

हायबरनेट, पायथनचं एसक्यूएलअल्केमी आणि ईएफ कोअर यांना दोन-तीन कॉलमांची प्रायमरी की पूर्वीपासून चालते. हायबरनेटमध्ये एम्बेडेडआयडी किंवा आयडीक्लास घ्या. त्या क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड लिहिले नाहीत तर सेशन (वाचलेल्या ओळींची ऑब्जेक्ट्स सांभाळणारा भाग) एकाच ओळीची दोन ऑब्जेक्ट्स बनवतं. रेल्सने ७.१ पासून ही सोय फ्रेमवर्कमध्येच दिली, त्याआधी वेगळं जेम (रुबीचं पॅकेज) लागायचं. यूआरएलमध्ये रेल्स दोन भाग अंडरस्कोअरने जोडतं आणि एक्स्ट्रॅक्ट_व्हॅल्यूने सोडवतं, म्हणून मूल्यातच अंडरस्कोअर असेल तर वेगळा डीलिमिटर ठरवा.

जँगोत ५.२ पासून कम्पोझिटप्रायमरीकी आहे, पीके म्हणजे टपल मिळतो. दोन मर्यादा आधी लक्षात घ्या: अशा मॉडेलकडे दुसऱ्या मॉडेलमधून फॉरेनकी (दुवा) लावता येत नाही, आणि ते अॅडमिनमध्ये नोंदवता येत नाही. ऑर्डरच्या ओळींसारख्या टोकाच्या टेबलांना हे पुरतं. ज्याच्याकडे दुसरी दहा टेबलं बोट दाखवतात अशा टेबलाला पुरत नाही.

त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलेले असाल तर मॉडेलचं सेव्ह आणि डिलीट ओव्हरराइड करून सरळ एक्सेप्शन फेका. बदल करायचा तर फिल्टरमध्ये दोन्ही कॉलम देऊन अपडेट. डिलीटसाठी मात्र फिल्टरवर विसंबू नका. साध्या परिस्थितीत फिल्टरची अट जशीच्या तशी जाते, पण त्या मॉडेलवर कुणी डिलीटचा सिग्नल लावला की जँगो आधी ऑब्जेक्ट्स गोळा करतो आणि पीकेच्या यादीने डिलीट करतो. म्हणजे पुन्हा सातही ओळी. डिलीट थेट एसक्यूएलने, दोन्ही कॉलम देऊन करा.

लाराव्हेलचं इलोक्वंट कम्पोझिट की मानत नाही. सेव्हची क्वेरी ओव्हरराइड करण्याची युक्ती फिरत असते. तिने सेव्ह चालतं, पण फाइंड, रीफ्रेश आणि रिलेशन्स अर्धवट राहतात. आमच्या मते अशा टेबलांवर लिहायचं काम क्वेरी बिल्डरनेच करावं आणि मॉडेल फक्त वाचायला ठेवावं.

कीमध्ये तारीख-वेळ असेल तर आणखी एक फास आहे. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार मिलिसेकंद ०, ३ किंवा ७ वर संपेल असे गोल करतो. तुम्ही .१२४ पाठवलं, साठवलं गेलं .१२३, आणि पुढच्या अपडेटला शून्य ओळी लागल्या. ईएफ याला कन्करन्सी एरर म्हणतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. इन्सर्ट करण्याआधीच मूल्य गोल करून घ्या.

कीच नाही

फक्त वाचायचं असेल तर ईएफ कोअरमध्ये हॅजनोकी आहे. एसक्यूएलअल्केमी की नसलेलं टेबल मॅप करायला नकार देतं, ऑटोमॅप तर ते वगळूनच टाकतं. मॅपरला प्रायमरी की म्हणून कॉलम हाताने द्यावे लागतात. ते कॉलम खरंच युनिक नसतील तर सेशन सारख्या कीच्या ओळींना एकच ऑब्जेक्ट समजतं. टेबलात १०० ओळी, हाती ९३ ऑब्जेक्ट्स, आणि बेरीज चुकलेली.

ओरॅकलचा रोआयडी किंवा पोस्टग्रेसचा सीटीआयडी (ओळीची साठवणीतली जागा) की म्हणून वापरू नका. सीटीआयडी साध्या अपडेटनेही बदलतो, रोआयडी टेबल हलवलं की बदलतो. व्ह्यूमध्ये रो_नंबर लावून आयडी बनवणंही तसंच: एक ओळ मध्ये आली की पुढचे सगळे आयडी सरकतात आणि कालची लिंक आज दुसऱ्याच ओळीवर जाते. कॉलम जोडून आयडी बनवला तर मध्ये विभाजक हवाच, नाही तर 'एबी' व 'सी' आणि 'ए' व 'बीसी' एकच होतात. शिवाय जोडलेल्या मूल्यावरची अट साधा इन्डेक्स वापरत नाही.

लिहायचं असेल आणि टेबलाला हात लावायची परवानगी असेल, तर नवीन आकडी कॉलम जोडणं हाच खरा इलाज. पोस्टग्रेसवर क्रम असा ठेवा:

१. बिगइन्ट कॉलम नल चालेल असा, डीफॉल्टशिवाय जोडा. जोडतानाच सीक्वेन्सचा डीफॉल्ट दिला तर पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर लॉक राहतं.
२. सीक्वेन्स बनवा, मग त्याचा डीफॉल्ट लावा. तो फक्त नवीन ओळींना लागतो, म्हणून हे क्षणात होतं.
३. जुन्या ओळी पाच ते दहा हजारांच्या तुकड्यांत भरा, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट.
४. युनिक इन्डेक्स कन्करंटली (टेबलात लिहिणं न अडवता) बनवा.
५. 'नल नको' अशी चेक अट नॉट व्हॅलिड म्हणून (जुन्या ओळी न तपासता) लावा, व्हॅलिडेट करा, मग नॉट नल करा. आवृत्ती १२ पासून यामुळे नॉट नल लावताना टेबल पुन्हा वाचलं जात नाही.

आधीची कम्पोझिट प्रायमरी की असेल तर तिला हलवू नका. फ्रेमवर्कला युनिक आणि नॉट नल कॉलम पुरतो. डेटाबेसमध्ये तोच प्रायमरी म्हणून जाहीर असावा असं बंधन नाही.

जुने प्रोग्राम कॉलमांची नावं न देता इन्सर्ट करत असतील तर मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये कॉलम वाढताच ते बंद पडतात. कॉलम इनव्हिजिबल करा. ही सोय मायएसक्यूएलमध्ये ८.०.२३ पासून आणि ओरॅकलमध्ये १२सी पासून आहे. सिलेक्ट स्टार करून जागेवरून कॉलम वाचणारे प्रोग्रामही त्याने वाचतात.

चालू करण्याआधी

कॉपी डेटाबेसवर एसक्यूएलचा लॉग चालू करा. प्रत्येक मॉडेलसाठी अशा दोन ओळी निवडा ज्यांच्या कीचा पहिला भाग सारखा आहे. एक वाचा, बदला, पुन्हा वाचा, काढून टाका, आणि दर वेळी लॉगमधलं व्हेअर व बदललेल्या ओळींची संख्या बघा. ती प्रत्येक वेळी १ हवी. शून्य आली तर स्पेस, कॅपिटल-स्मॉल किंवा वेळेचा घोळ. एकापेक्षा जास्त आली तर की चुकीची सांगितली आहे.

वेबसाइटच्या डेटाबेस युजरला टेबल बनवायचे, बदलायचे किंवा पाडायचे अधिकार देऊ नका. मॅनेज्ड फॉल्स लिहायचं एखाद्या मॉडेलवर राहून गेलं, तर मायग्रेशन परवानगीच्या एररवर थांबेल आणि टेबल शाबूत राहील.